विद्युत पोलादाची कणरचना

विद्युत पोलाद म्हणजे रोहित्रे, विद्युत मोटारी आणि जनित्रे यांच्या गाभ्यासाठी चुंबकीय गुणधर्म डोळ्यांसमोर ठेवून मुद्दाम घडवलेले पोलाद होय. त्यात प्रामुख्याने सिलिकॉन मिसळलेले असल्यामुळे त्यास सिलिकॉन पोलाद असेही म्हणतात. ते पातळ पत्र्यांच्या रूपात तयार केले जाते. हा पत्रा वरून एकसंध दिसला, तरी आत तो असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. या कणांचे आकारमान आणि त्यांच्या दिशा यांना मिळून पत्र्याची कणरचना म्हणतात. गाभ्यात किती वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाईल, हे बऱ्याच अंशी या कणरचनेवर अवलंबून असते. कणरचना कशी घडेल, हे पोलादात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत आणि ती निर्मितीच्या कोणत्या टप्प्यापर्यंत पोलादात राहतात, यावर ठरते. एकच मूलद्रव्य एका प्रकारच्या पत्र्यात दोष, तर दुसऱ्या प्रकारच्या पत्र्यात अत्यावश्यक घटक ठरू शकते, हे विद्युत पोलादाचे खास वैशिष्ट्य आहे.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात गोंदे येथे या पोलादाच्या सर्वांत कठीण प्रकाराचे उत्पादन होते.

गाभ्यातील ऊर्जाऱ्हास

भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. म्हणजे रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकत्वाची दिशा दर सेकंदाला शंभर वेळा उलटते. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा खर्च होते आणि गाभा तापतो. या ऱ्हासाची कारणे मुख्यतः दोन आहेत.

पहिले कारण मंदायन हे होय. पोलादातील प्रत्येक स्फटिककण लहान लहान चुंबकीय क्षेत्रकांत विभागलेला असतो. चुंबकत्वाची दिशा बदलताना या क्षेत्रकांच्या भिंती सरकतात. वाटेत कणसीमा, अशुद्धीचे सूक्ष्म अवक्षेप किंवा ताण आला की भिंत अडते आणि पुढे सरकण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. दुसरे कारण आवर्त प्रवाह हे होय. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे खुद्द पोलादातच भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह निर्माण होतात. पत्र्याची जाडी निम्मी केली, तर हा ऱ्हास साधारणतः एक चतुर्थांश होतो. म्हणूनच गाभा एकसंध ठोकळ्याचा न करता, विद्युतरोधक लेप दिलेले पातळ पत्रे एकावर एक रचून तयार करतात. धातूची रोधकता वाढवल्यानेही हा ऱ्हास कमी होतो.

स्फटिककण मोठे असले की कणसीमा कमी होतात आणि मंदायनाचा ऱ्हास घटतो. परंतु कण फार मोठे झाले की चुंबकीय क्षेत्रकेही रुंद होतात, त्यांच्या भिंतींना कमी वेळात अधिक अंतर कापावे लागते आणि आवर्त प्रवाहाचा ऱ्हास वाढतो. त्यामुळे कण जितके मोठे तितके चांगले, असा सरळ नियम येथे लागू पडत नाही.

स्फटिकातील दिशा

लोखंडाच्या स्फटिकाची मूळ रचना घनाकृती असते. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मध्यभागी एक अणू असतो. या घनाच्या कडेच्या दिशेने लोखंड सर्वांत सहज चुंबकित होते. पृष्ठाच्या कर्णाच्या दिशेने ते त्यापेक्षा कठीण, तर घनाच्या अंतर्कर्णाच्या दिशेने सर्वांत कठीण जाते. जपानी शास्त्रज्ञ होंडा आणि काया यांनी १९२६ मध्ये लोखंडाच्या एकेका स्फटिकावर प्रयोग करून हा फरक दाखवून दिला. सगळ्या कणांची ही सुलभ दिशा एका रेषेत आणता आली, तर त्या रेषेत पत्रा अत्यंत कमी ऊर्जेत चुंबकित होईल, हा विचार पुढील सर्व प्रगतीच्या मुळाशी आहे.

प्रकार

विद्युत पोलादाचे दोन मुख्य प्रकार आहेत.

बहुदिश कणांचे पोलाद: व्यापारात यास सीआरएनओ म्हणतात. मोटारीत चुंबकीय क्षेत्र फिरते, त्यामुळे पत्र्याचे गुणधर्म सर्व दिशांना शक्यतो सारखे असावे लागतात. यातील पत्रे सामान्यतः ०.३५, ०.५० किंवा ०.६५ मिलिमीटर जाडीचे असतात. कणांचे लाभदायक आकारमान साधारणतः ०.१ ते ०.२ मिलिमीटर मानले जाते.

एकदिश कणांचे पोलाद: व्यापारात यास सीआरजीओ म्हणतात. रोहित्राच्या गाभ्यात चुंबकीय क्षेत्राची रेषा ठरलेली असते, म्हणून सर्व कणांची सुलभ दिशा पत्रा लाटण्याच्या दिशेला समांतर आणली जाते. जाडी सामान्यतः ०.२३ ते ०.३५ मिलिमीटर असते. कण काही मिलिमीटरचे, उच्च प्रतीत सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठे असतात. लेप काढून आम्लाने पृष्ठभाग कोरल्यास ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

भारतीय मानकांत सीआरएनओसाठी आय.एस. ६४८ आणि सीआरजीओसाठी आय.एस. ३०२४ ही मानके आहेत.

सिलिकॉनचे कार्य

सिलिकॉन हा या पोलादाचा प्रमुख मिश्रक आहे. सीआरएनओमध्ये त्याचे प्रमाण प्रतीनुसार सुमारे ०.५ ते ३.२ टक्के, तर सीआरजीओमध्ये सुमारे ३ टक्के असते. त्याची कार्ये दोन आहेत.

पहिले कार्य रोधकतेचे. शुद्ध लोखंडाची रोधकता सुमारे ०.१० मायक्रोओहम-मीटर असते. ३ टक्के सिलिकॉन मिसळल्यावर ती चौपटीहून अधिक होते आणि आवर्त प्रवाह त्या प्रमाणात क्षीण होतात.

दुसरे कार्य कणरचनेशी थेट संबंधित आहे. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला तापवले की त्याची स्फटिकरचना बदलते आणि थंड होताना ती पुन्हा पूर्ववत होते. या उलथापालथीत परिश्रमाने घडवलेली कणरचना मोडून जाते. कार्बन अत्यल्प असताना सिलिकॉन सुमारे २ टक्क्यांच्या वर गेले, की हा बदल घडतच नाही. त्यामुळे पत्रा १२०० अंशांपर्यंत तापवूनही कण त्याच रचनेत वाढू देता येतात. सिलिकॉनशिवाय आजचे सीआरजीओ अशक्य आहे, ते यामुळे.

मात्र सिलिकॉनला मर्यादा आहेत. त्याच्यामुळे पोलादाची संपृक्त चुंबकीयता घटते. शुद्ध लोखंडात ती सुमारे २.१५ टेस्ला, तर ३ टक्के सिलिकॉनच्या पोलादात सुमारे २.०३ टेस्ला असते. शिवाय प्रमाण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेले की पोलाद ठिसूळ होते आणि नेहमीच्या पद्धतीने थंड अवस्थेत लाटता येत नाही. ६.५ टक्के सिलिकॉनच्या पोलादात चुंबकनामुळे लांबीत होणारा बदल जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे गाभ्याची गुणगुण कमी होते. असा पत्रा जपानमध्ये आधी कमी सिलिकॉनचा पत्रा लाटून आणि नंतर तप्त वायूतून सिलिकॉन आत मुरवून तयार करतात.

इतर मूलद्रव्ये

अॅल्युमिनियम: सिलिकॉनप्रमाणे रोधकता वाढवते. नायट्रोजनशी संयोग होऊन अॅल्युमिनियम नायट्राइड बनते. सीआरएनओमध्ये त्याचे बारीक अवक्षेप कणांची वाढ रोखतात, म्हणून अॅल्युमिनियम एक तर अत्यल्प ठेवतात किंवा इतके वाढवतात की अवक्षेप मोठे, विरळ आणि निरुपद्रवी होतात. उच्च प्रतीच्या सीआरजीओमध्ये मात्र हेच बारीक अवक्षेप मुद्दाम घडवले जातात.

मँगनीज: रोधकता वाढवते आणि तप्त लाटणात पोलाद चिरू देत नाही. गंधकाशी मिळून मँगनीज सल्फाइड होते. तेही सीआरएनओमध्ये नको असते आणि सीआरजीओमध्ये हवे असते.

गंधक: सीआरएनओच्या चांगल्या प्रतीत ते शक्य तितके काढून टाकतात. सीआरजीओच्या पारंपरिक पद्धतीत ते सुरुवातीला मोजून ठेवतात आणि शेवटच्या टप्प्यात काढून टाकतात.

कार्बन: तयार पत्र्यात सर्वांत अनिष्ट मूलद्रव्य. ते हळूहळू कार्बाइडच्या रूपात साचते आणि यंत्र वापरात असतानाच ऱ्हास वाढत जातो. यास चुंबकीय जीर्णता म्हणतात. ती टाळण्यासाठी अंतिम प्रमाण सुमारे ०.००३ टक्क्यांच्या खाली आणतात. तरीही सीआरजीओच्या आरंभीच्या लाटणात थोडा कार्बन उपयोगी असतो, कारण तो तप्त पत्र्याची रचना बारीक ठेवतो.

फॉस्फरस: कमी सिलिकॉनच्या प्रतीत रोधकता व कठीणपणा वाढवून पत्रा ठशाने नीट कापला जाण्यास मदत करतो. प्रमाण वाढल्यास कणसीमांवर साचून पोलाद ठिसूळ करतो.

कथील आणि अँटिमनी: शतांश टक्क्यांच्या घरात मिसळतात. ही मूलद्रव्ये कणसीमांवर जमा होतात. चुंबकीय दृष्ट्या प्रतिकूल दिशेच्या नव्या कणांचा जन्म त्यामुळे कमी होतो आणि अनुकूल दिशेच्या कणांचा वाटा वाढतो. सीआरजीओमध्ये ती वाढरोधकांना साहाय्य करतात.

टिटॅनियम, नायोबियम, व्हॅनेडियम: बांधकामाच्या बळकट पोलादात यांचे स्वागत होते, कारण त्यांचे कार्बाइड व नायट्राइड कण बारीक ठेवतात. सीआरएनओमध्ये नेमके त्याच कारणासाठी ती टाळावी लागतात.

या शेवटच्या मुद्द्यावरून जालन्याच्या पोलाद उद्योगाशी तुलना करता येते. मराठवाड्यातील या शहरात इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाची सळई तयार होते. सळईची कसोटी बळकटी ही असते, त्यामुळे भंगारातून येणारी अल्प अशुद्धी बऱ्याच अंशी चालून जाते. विद्युत पोलादासाठी वितळलेला रस निर्वातात शुद्ध करून कित्येक घटक टक्क्याच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळावे लागतात.

सीआरजीओची निर्मिती: आधी रोखणे, मग वाढू देणे

सीआरजीओमध्ये अनुकूल दिशेचे कण सुरुवातीला फार थोडे असतात. या दिशेत स्फटिकाचा घन जणू आपल्या कडेवर उभा असतो आणि त्याची एक कड लाटण्याच्या दिशेला समांतर असते. शोधकाच्या नावावरून तिला गॉस दिशा म्हणतात. हे थोडे कण वाढावेत आणि इतरांनी त्यांच्यात विलीन व्हावे, असे घडवून आणणे हे निर्मितीचे सार आहे.

पोलादाची लादी प्रथम तापवली जाते. पारंपरिक पद्धतीत तापमान १३५० अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते, कारण मँगनीज सल्फाइड पूर्ण विरघळणे आवश्यक असते. नंतरच्या तप्त लाटणात ते अत्यंत बारीक अवक्षेपांच्या रूपात पुन्हा प्रकट होते. पत्रा दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत लाटल्यावर थंड अवस्थेत अंतिम जाडीपर्यंत आणतात. मग ओलसर हायड्रोजन-नायट्रोजन वायूत ८०० ते ८५० अंशांवर कार्बन काढून टाकतात. या तापमानाला लाटणात चेपलेले कण नाहीसे होऊन ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचे नवे बारीक कण जन्म घेतात. हे प्राथमिक पुनर्स्फटिकीभवन होय.

यानंतर पत्र्यावर मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप देऊन त्याची गुंडाळी भट्टीत ठेवतात आणि सुमारे १२०० अंशांपर्यंत सावकाश तापवतात. ही क्रिया काही दिवस चालते. आरंभी बारीक अवक्षेप प्रत्येक कणसीमेला खिळून धरतात, त्यामुळे कोणताच कण वाढत नाही. तापमान वाढत जाते, तसे अवक्षेप जाडे होतात, विरघळतात आणि त्यांची पकड सैल होते. या वेळी गॉस दिशेचे कण सर्वांआधी सुटतात आणि भोवतालचे हजारो कण गिळून वाढतात. यास द्वितीयक पुनर्स्फटिकीभवन म्हणतात. हेच कण आधी का सुटतात, याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. काहींच्या मते त्यांच्या सीमांची विशेष भौमितिक जुळणी यास कारणीभूत आहे, तर काही जण या सीमांची अधिक ऊर्जा हे कारण मानतात.

वाढ पूर्ण झाल्यावर वाढरोधकांचे काम संपते. ते पत्र्यात राहिले, तर चुंबकीय क्षेत्रकांच्या भिंती अडवतील. म्हणून त्याच भट्टीत शुद्ध हायड्रोजन वायूत गंधक व नायट्रोजन काढून टाकतात. ज्या घटकावाचून कणरचना घडली नसती, तोच घटक शेवटी बाहेर काढावा लागतो. अवक्षेप लवकर विरघळले, तर सर्वच कण थोडे थोडे वाढतात आणि दिशा विस्कळीत राहते. ते उशिरापर्यंत टिकले, तर वाढ अपुरी राहते. या पत्र्याच्या निर्मितीतील अडचण आणि किंमत दोन्ही येथे आहेत.

शेवटी फॉस्फेटयुक्त विद्युतरोधक लेप देतात. उच्च प्रतीच्या मोठ्या कणांच्या पत्र्यावर लेसरने बारीक रेषा ओढून रुंद चुंबकीय क्षेत्रके अरुंद केली जातात.

इतिहास

लोखंडात सिलिकॉन मिसळल्याने त्याचे चुंबकीय गुणधर्म सुधारतात, हे बॅरेट, ब्राउन आणि हॅडफील्ड यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले. रॉबर्ट हॅडफील्ड हे इंग्लंडमधील शेफील्डचे धातुशास्त्रज्ञ होते. पुढील काही वर्षांतच हे पोलाद रोहित्रांत वापरात आले. अमेरिकेतील नॉर्मन गॉस यांना १९३४ मध्ये शीत लाटण व अनुशीतन यांच्या साहाय्याने एकदिश कण मिळवण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. मँगनीज सल्फाइडच्या अवक्षेपांचे महत्त्व मे आणि टर्नबुल यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. १९६० च्या दशकात जपानमध्ये अॅल्युमिनियम नायट्राइडचा वापर करून अधिक नेमक्या दिशेचे पोलाद तयार झाले. पूर्वीच्या पत्र्यात कणांची दिशा लाटण्याच्या रेषेपासून सरासरी सुमारे ७ अंश ढळलेली असे, ती नव्या पत्र्यात सुमारे ३ अंशांवर आली. पुढे अवक्षेप लाटणानंतर अमोनिया वायूच्या साहाय्याने घडवण्याची पद्धत निघाली. त्यामुळे लादी ११५० ते १२०० अंशांपर्यंत तापवणे पुरेसे झाले.

महाराष्ट्रातील उत्पादन

गोंदे येथील कारखाना मूळचा रेमंड कंपनीच्या पोलाद विभागाचा होता. २००० मध्ये तो थिसेनक्रुप या जर्मन उद्योगसमूहातील ईबीजी इंडिया कंपनीकडे गेला आणि पुढे थिसेनक्रुप इलेक्ट्रिकल स्टील इंडिया या नावाने ओळखला जाऊ लागला. सीआरजीओचे उत्पादन करणारा तो दीर्घकाळ देशातील एकमेव कारखाना होता. जेएसडब्ल्यू स्टील आणि जपानची जेएफई स्टील यांच्या संयुक्त उपक्रमाने तो विकत घेण्याचा करार २०२४ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये हस्तांतरण पूर्ण झाले. या दोन कंपन्यांनी कर्नाटकातील विजयनगर येथेही सीआरजीओ प्रकल्प हाती घेतला आहे. देशाची गरज उत्पादनाहून मोठी असल्यामुळे सीआरजीओचा बराच भाग आयात होत आला आहे.

नांदेड आणि लातूर परिसरातील वापर

महावितरणची नांदेड आणि लातूर ही दोन स्वतंत्र परिमंडळे आहेत. या भागातील शेती विहिरी, कूपनलिका आणि उपसा सिंचनावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. नांदेडजवळील गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प हाही उपसा सिंचनाचाच आहे. तेथील मोठ्या पंपांच्या मोटारींपासून शेतातील पाच अश्वशक्तीच्या पाणबुडी पंपापर्यंत सर्वत्र सीआरएनओचे पत्रे असतात. गावोगावच्या वितरण रोहित्रांत, ज्यांना बोलीत ‘डीपी’ म्हणतात, सीआरजीओचा किंवा अस्फटिकी धातूचा गाभा असतो.

रोहित्रावर भार असो वा नसो, वीजपुरवठा चालू असेपर्यंत गाभ्यातील ऱ्हास चालूच राहतो. समजा, एका रोहित्राच्या गाभ्यात १०० वॉट ऱ्हास होत आहे आणि ते वर्षभर अखंड जोडलेले आहे. अशा रोहित्रात वर्षाला ८७६ युनिट वीज कोणाच्याही उपयोगी न पडता उष्णतेत जाते. एका रोहित्राच्या बाबतीत हा आकडा लहान वाटतो, पण रोहित्रे हजारोंनी असल्यामुळे पत्र्याच्या प्रतीतील थोडा फरकही एकूण हिशेबात मोठा ठरतो.

रब्बी हंगामात रोहित्र जळण्याच्या घटना वाढतात. त्याचे कारण बहुधा अतिरिक्त किंवा असमतोल भार, तेलाची कमतरता अथवा वेटोळ्यातील बिघाड हे असते. गाभ्याची कणरचना त्यामुळे नष्ट होत नाही. परंतु दुरुस्तीची पद्धत चुकीची असेल, तर गाभ्याचा ऱ्हास कायमचा वाढू शकतो. सीआरजीओचा पत्रा वाकवला, ठोकला किंवा पुन्हा कापला की त्यात ताण साचतो आणि चुंबकीय क्षेत्रकांच्या भिंती अडू लागतात. सुमारे ८०० अंशांवर नियंत्रित वायूत अनुशीतन करून हा ताण काढता येतो. मात्र ही सोय साध्या दुरुस्तीच्या दुकानात नसते. जुन्या गाभ्यातून कापून काढलेले पत्रे पुन्हा वापरले, तर रोहित्र चालते, पण अधिक वीज खाते.

मोटार पुन्हा बांधतानाही अशीच काळजी लागते. जळालेले वेटोळे लवकर सुटावे म्हणून मोटारीचा सांगाडा उघड्या आगीत तापवल्यास पत्र्यांवरील विद्युतरोधक लेप जळतो. पत्रे एकमेकांना विद्युत दृष्ट्या जोडले जातात आणि आवर्त प्रवाह वाढतात. अशी मोटार पूर्वीइतकेच पाणी उपसताना अधिक तापते आणि पुन्हा जळण्याची शक्यता वाढते. नियंत्रित तापमानाच्या भट्टीत वेटोळे सोडवणे हा यावरील उपाय आहे.

कणविरहित पर्याय

लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉन यांचा रस अतिशय वेगाने थंड केला, तर अणूंना स्फटिकात मांडले जाण्यास वेळच मिळत नाही आणि सुमारे ०.०२५ मिलिमीटर जाडीची अस्फटिकी धातूची फीत मिळते. तीत स्फटिककण नसतात, त्यामुळे कणसीमाही नसतात. अशा गाभ्यातील ऱ्हास सीआरजीओच्या तुलनेत बराच कमी असतो. मात्र तिची संपृक्त चुंबकीयता सुमारे १.५६ टेस्ला इतकीच असल्याने गाभा मोठा करावा लागतो आणि ही फीत ठिसूळ असते. म्हणून वितरण रोहित्रांत तिचा वापर होत असला, तरी मोठ्या शक्तिरोहित्रांत सीआरजीओचेच स्थान कायम आहे.